लाऊंज विमानतळावर, लेकरू फाट्यावर

बीडकडून घाट चढून आलं की मांजरसुंब्याचा चौक लागतो. धुळे-सोलापूर महामार्गाला इथे पाटोदा-जामखेडकडून येणारा आणि नेकनूर, केज, अंबाजोगाईकडे जाणारा रस्ता छेदतो. त्यामुळे या चौकात कुणी ना कुणी कायम थांबलेलं असतं. एसटीची वाट पाहणारे, गाडी बदलणारे, ढाब्यावर जेवायला उतरलेले, अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात पेशंट घेऊन निघालेले, कार्तिकात कपिलधारला मन्मथस्वामींच्या यात्रेला चाललेले. या थांबलेल्या माणसांत कडेवर लेकरू घेतलेली एखादी तरी बाई असतेच.

या रस्त्याने विमानतळाकडे जाणारी कुटुंबंही आता नवलाईची राहिलेली नाहीत. कुणाची लेक दुबईत असते, कुणाचा मुलगा बंगळूरूत, कुणाची नातवंडं अमेरिकेत. सगळ्यात जवळचा विमानतळ छत्रपती संभाजीनगरचा, तोही इथून दीडशे किलोमीटरच्या आसपास. परदेशी जायचं तर बहुतेकांना मुंबई गाठावी लागते. म्हणजे सात-आठ तास रस्ता, मग उड्डाणाच्या तीन तास आधी विमानतळावर हजेरी आणि त्यानंतर खरा प्रवास. अशा घरांतून एक प्रश्न नेहमी विचारला जातो. लहान मूल बरोबर असताना विमानतळावरच्या लाऊंजमध्ये जावं का? मुलाला त्याचा उपयोग होतो की नुसतीच मिरवायची गोष्ट आहे?

प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर या लेखात देणार आहे. पण उत्तर शोधताना आणखी एक गोष्ट लक्षात येते. लाऊंज आपल्याला ज्या गोष्टी विकतं, त्या म्हणजे स्वच्छ पाणी, स्वच्छ संडास, गरम अन्न, पाठ टेकायला जागा आणि थोडा निवांतपणा. मोठ्या माणसासाठी ही सोय आहे. लहान मुलाच्या शरीरासाठी मात्र ती गरज आहे, आणि ती गरज मुंबईच्या विमानतळावर जितकी असते तितकीच मांजरसुंब्याच्या चौकातही असते. एका ठिकाणी ती कार्ड दाखवून भागते. दुसऱ्या ठिकाणी ती कुणी भागवायची, हे आपण अजून ठरवलेलंच नाही.

मुलाचं शरीर प्रवासात काय मागतं

लहान मूल म्हणजे छोट्या मापाचा मोठा माणूस नव्हे. तान्ह्या बाळाच्या वजनात पाण्याचा वाटा मोठ्या माणसापेक्षा जास्त असतो आणि वजनाच्या मानाने त्याच्या त्वचेचं क्षेत्रफळही जास्त असतं. त्यामुळे उन्हात ते लवकर तापतं आणि लवकर सुकतं. त्याला तहान लागली तरी ते सांगू शकत नाही, फक्त किरकिर करतं. आपण ती किरकिर हट्ट समजून मोबाइल हातात देतो. सहा ते आठ तास शू झाली नसेल, रडताना डोळ्यांत पाणी येत नसेल, तोंड कोरडं पडलं असेल, मूल नेहमीपेक्षा मलूल वाटत असेल, तर त्याच्या अंगातलं पाणी कमी झालं आहे असं समजावं. अशा वेळी पुढचा मुक्काम गाठण्याची घाई करू नये.

दुसरी गरज हालचालीची. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यात एक गोष्ट स्पष्ट सांगितली आहे की या वयाच्या मुलाला एका वेळी तासाभराहून जास्त वेळ बांधून किंवा जखडून ठेवू नये. एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसभरात मिळून तीन तास हालचाल आणि दुपारची डुलकी धरून ११ ते १४ तास झोप हवी, असं त्याच सूचना सांगतात. आता बीड ते मुंबई हा प्रवास डोळ्यांपुढे आणा. गाडीत सुरक्षेसाठी मुलाला पट्टा किंवा मुलांचं आसन हवंच. २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीनुसार चौदा वर्षांखालील मुलासाठी ते बंधनकारक आहे आणि नसेल तर एक हजार रुपये दंड आहे. मुलाला बांधायचंही आहे आणि फार वेळ बांधून ठेवायचंही नाही. या दोन्ही गोष्टी साधायच्या तर मध्ये मध्ये थांबण्याला पर्याय नाही. दर दोन तासांनी पंधरा-वीस मिनिटं थांबलं तर मुलाचे पाय मोकळे होतात आणि चालवणाऱ्याचा डोळाही लागत नाही.

तिसरी गोष्ट घाटाची. दोन ते बारा या वयात गाडी लागण्याचा त्रास सगळ्यात जास्त असतो. वळणावर कानातला तोल सांभाळणारा भाग 'आपण हलतोय' असं सांगतो, तर मोबाइलवर खिळलेले डोळे 'आपण स्थिर आहोत' असं सांगतात. या दोन उलटसुलट निरोपांचा मेंदूला मेळ लागत नाही आणि उलटी होते. मांजरसुंब्याचा घाट येण्याआधी मुलाच्या हातातला मोबाइल काढून घ्यावा, त्याला समोर लांबवर पाहायला सांगावं, काच थोडी खाली करावी. पोट तुडुंब भरलेलं नसावं आणि अगदी रिकामंही नसावं.

चौथी गोष्ट हातांची. लहान मूल जिथे थांबतं तिथलं सगळं हाताळतं आणि तोच हात तोंडात घालतं. सॅनिटायझर बऱ्याच जंतूंवर चालतो, पण उलट्या-जुलाब करणाऱ्या नोरोव्हायरससारख्या विषाणूंवर त्याचा फारसा उपयोग होत नाही. तिथे साबण आणि वाहतं पाणीच लागतं. थांब्यावर नळ आणि साबण आहे की नाही, यावर मुलाचे पुढचे तीन दिवस अवलंबून असतात.

मग लाऊंजचं काय?

आता मूळ प्रश्न. लाऊंजमध्ये बहुतेक लोक बँकेच्या कार्डावर जातात. गेल्या काही वर्षांत अनेक बँकांनी त्यासाठी आधीच्या तिमाहीत ठरावीक खर्च केलेला असावा, अशी अट घातली आहे. कार्डावर एकालाच प्रवेश असेल तर बायको आणि मुलांचे पैसे वेगळे पडतात. दोन वर्षांखालच्या बाळाला बऱ्याच ठिकाणी पैसे लागत नाहीत, त्यावरच्या मुलाला लागतात, आणि प्रत्येक लाऊंजचा नियम वेगळा असतो. आत बसण्याची मुदतही बहुधा दोन-तीन तासांचीच असते. दारात उभं राहून वाद घालण्यापेक्षा निघण्याआधी घरूनच चौकशी केलेली बरी.

आत गेल्यावर मुलाला मिळतं काय? बाहेरच्यापेक्षा कमी गोंगाट, जवळ संडास, मऊ खुर्ची आणि मांडलेलं जेवण. यातला निवांतपणा खरोखर मोलाचा आहे. रात्रीचं विमान असेल, मूल तान्हं असेल, थांबायला तीन तास असतील, तर दूध पाजून बाळाला तासभर झोपवता येणं ही मोठीच गोष्ट आहे. आई रात्रभर जागी असेल तर तिचीही पाठ टेकते. अशा कुटुंबाने लाऊंज वापरावं, त्यात चैन काही नाही.

मूल तीन-चार वर्षांचं असेल आणि सात तास गाडीत बसून आलं असेल, तर मात्र त्याला पुन्हा सोफ्यावर गप्प बसवणं हा उपाय उलटाच. त्याला पळायला हवं. लाऊंजमध्ये शेजारी कुणी झोपलेलं असतं, कुणी काम करत असतं, काही ठिकाणी मद्यही चालू असतं. तिथे मूल पळालं की आई-बाप ओशाळतात आणि शेवटी त्याला मोबाइल देऊन बसवतात. त्यापेक्षा बाहेरच्या लांबलचक फरशीवर त्याच्याबरोबर चार फेऱ्या मारा, काचेतून विमानं दाखवा. मोठ्या विमानतळांवर बाळाला पाजण्या-बदलण्यासाठी खोल्या असतात, पिण्याचं पाणी असतं. तिथे जायला कार्ड लागत नाही. सुरक्षा तपासणीत बाळाचं दूध आणि खाणं नेऊ देतात, हेही अनेकांना माहीत नसतं.

जेवणाबाबत थोडी सावधगिरी हवी. मांडून ठेवलेल्या अन्नाचा नियम साधा आहे. गरम पदार्थ ६० अंश सेल्सिअसच्या वर आणि थंड पदार्थ ५ अंशांच्या खाली राहिला पाहिजे. मधल्या तापमानात जंतू झपाट्याने वाढतात. भातात तर असे जिवाणू असतात की ज्यांचे बीजाणू शिजवल्यावरही टिकतात आणि भात कोमट राहिला की पुन्हा डोकं वर काढतात. म्हणून मुलासाठी वाफ निघत असलेला पदार्थ निवडावा. कापून ठेवलेली फळं, मेयोनीज घातलेलं सॅलड, कोमट भात टाळावा. सालीसकट केळं सगळ्यात चांगलं. 'पैसे भरलेत तर खाऊन घे' असा आग्रह मुलाला करू नये. विमानाच्या आतली हवा सहा ते आठ हजार फूट उंचीवरच्या हवेइतकी विरळ असते. दाब कमी झाला की पोटातला वायू फुगतो, साधारण एक तृतीयांशापर्यंत. गच्च भरलेल्या पोटात हा वायू फुगला की बाळ कळवळून रडतं. दूध पाजल्यावर ढेकर काढूनच विमानात बसावं.

आणखी एक गोष्ट. लाऊंजमध्ये बाळाला पोटभर पाजून ठेवलं आणि विमान उतरताना ते दूध घेईना, असं पुष्कळदा होतं. विमान उतरताना बाहेरचा दाब वाढतो आणि कानाचा पडदा आत ओढला जातो. घसा आणि कान जोडणारी नळी गिळताना उघडते आणि दाब सारखा होतो. लहान मुलांत ही नळी आखूड, अरुंद आणि आडवी असते, म्हणून त्यांचे कान जास्त दुखतात. त्यामुळे एक पाजणं उतरण्याच्या वेळेसाठी राखून ठेवावं. मोठ्या मुलाला पाण्याचे घोट घ्यायला सांगावं. सर्दी आणि कानदुखी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं.

थोडक्यात, लाऊंज वापरायला हरकत नाही, पण त्याची गरज फार थोड्यांना आणि फार थोडा वेळ असते. विमानतळाचा थांबा हा मुलाच्या प्रवासातला सगळ्यात सुरक्षित थांबा आहे. मुलाच्या तब्येतीचं खरं काय ते तिथे पोहोचायच्या आधी, रस्त्यावर ठरतं.

चौकातला थांबा

ढाब्यावर उतरताना पहिला नियम असा की झोपलेलं मूल गाडीत ठेवून चहाला जायचं नाही. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीतलं तापमान दहा मिनिटांत दहाएक अंशांनी वाढतं. काच बोटभर उघडी ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. मराठवाड्याच्या एप्रिल-मेमध्ये बाहेरच चाळीस अंश असताना आत काय होत असेल, याचा अंदाज करावा. झोपमोड झाली तरी चालेल, मूल बरोबर घ्यावं.

खाण्याच्या बाबतीत ढाबा लाऊंजपेक्षा कमी नाही, उलट एका बाबतीत वरचढ आहे. तव्यावरून उतरलेली भाकरी-पोळी, उकळती डाळ, समोर केलेलं ऑम्लेट हे पदार्थ मांडून ठेवलेल्या बुफेपेक्षा सुरक्षित असतात. धोका असतो तो पाण्यात, चटणीत, चिरून ठेवलेल्या कांदा-काकडीत, बर्फात आणि सकाळपासून उघड्यावर असलेल्या भजी-वड्यांत. शिजलेलं अन्न दोन तासांहून जास्त बाहेर राहू नये आणि कडक उन्हाळ्यात तर तासाभराहून जास्त नको. घरून आणलेल्या दूध-भाताच्या डब्यालाही हाच नियम लागू आहे. प्रवासात दशम्या, लाडू, चिवडा, केळी, फुटाणे हे आपल्या आजीचं सामान आजही सगळ्यात शहाणपणाचं आहे. फुटाणे-शेंगदाणे मात्र लहान्याच्या हाती देऊ नयेत, घशात अडकतात.

बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल तर त्याला फक्त आईचं दूध. उन्हाळ्यातही वरून पाणी द्यायचं नाही, दुधातच पुरेसं पाणी असतं. पावडरचं दूध द्यावंच लागत असेल तर ते किमान ७० अंशांच्या गरम पाण्यात कालवून, मग निववून, दोन तासांच्या आत संपवावं. उरलेलं टाकून द्यावं. घरून कालवून नेलेली बाटली दुपारपर्यंत वापरणं हे जुलाबाला आमंत्रण आहे.

जुलाब लागलेच तर औषध स्वस्त आहे. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात विरघळवून घोटाघोटाने पाजायचं. अर्ध्या ग्लासात अर्धं पाकीट असा अंदाज करायचा नाही, क्षारांचं प्रमाण बिघडतं. महामार्गावरच्या दुकानांतून मिळणारी गोड, फळांच्या चवीची खोक्यातली पेयं अनेक वर्षं 'ओआरएस' हे नाव लावून विकली गेली. त्यांत साखर जास्त आणि क्षार कमी असल्याने जुलाब वाढू शकतात. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी आठ वर्षं याविरुद्ध लढा दिला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांवर 'ओआरएस' शब्द वापरण्यास मनाई केली. म्हणून खोक्यावरची चित्रं पाहू नका. औषधाच्या दुकानातूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणाचं पाकीट मागा आणि प्रवासाच्या पिशवीत दोन ठेवूनच द्या.

हे झालं ज्यांच्या हातात निवड आहे त्यांच्यासाठी. स्वतःची गाडी, हॉटेलात बसण्याइतके पैसे आणि पिशवीत पाण्याच्या बाटल्या असतील तर हे सगळं पाळता येतं. एसटीने जाणाऱ्या बाईचं काय?

हिरकणीची खोली

लेकरासाठी रायगडाचा कडा उतरणाऱ्या हिरकणीचं नाव एसटीने स्थानकांवरच्या स्तनपानाच्या खोलीला दिलं. कल्पना उत्तम आहे. तिची गरज किती आहे हे बसस्थानकावर पदराआड, भिंतीकडे तोंड करून बाळाला पाजणाऱ्या बाईला विचारावं. पण हिरकणी कक्षाला कुलूप, हिरकणी कक्षात अडगळ, अशा बातम्याही वर्तमानपत्रांत अधूनमधून येतच असतात. आणि चौकात, फाट्यावर, जिथे एसटी नुसती थांबते तिथे, ही खोली असण्याचा प्रश्नच येत नाही.

याचा आरोग्याशी थेट संबंध आहे. पाजायला जागा नाही म्हणून बाळाला बिस्कीट भिजवून दिलं जातं किंवा बाटली दिली जाते. संडास नाही म्हणून बाई घरून निघताना पाणीच पीत नाही आणि पाच-सहा तास लघवी धरून ठेवते. त्यातून लघवीच्या जागेचा जंतुसंसर्ग होतो. अंगावर पाजणाऱ्या बाईला तर नेहमीपेक्षा जास्त पाणी लागतं. प्रवासात सगळ्यात जास्त तहानलेली तीच असते आणि सगळ्यात कमी पाणी पिणारीही तीच.

सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये न्या. बी. व्ही. नागरत्ना आणि न्या. प्रसन्न वराळे यांच्या खंडपीठाच्या निकालात हा विषय स्पष्ट शब्दांत मांडला. सार्वजनिक ठिकाणी स्तनपानाच्या खोल्या आणि बाळांसाठी सोयी करण्याबाबत केंद्राने राज्यांना २०२४ मध्ये जी पत्रं पाठवली होती, त्यांची अंमलबजावणी करावी आणि नव्या सार्वजनिक इमारतींचा आराखडा करतानाच त्यासाठी जागा राखावी, असं न्यायालयाने सांगितलं. सार्वजनिक ठिकाणी बाळाला पाजणं यात लाज वाटण्यासारखं काही नाही, हेही त्यात आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक खात्याने ऑक्टोबर २०२४ मध्ये आणलेल्या 'हमसफर' धोरणात महामार्गालगतच्या थांब्यांवर स्वच्छ संडासांबरोबर बाळांसाठी खोलीचा उल्लेख आहे. म्हणजे कागदावर चौकातल्या लेकराचा विचार झालेला आहे. आता तो चौकात उतरायचा आहे.

ट्रॉलीवरची लेकरं

दसरा-दिवाळी सरली की बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबांचे ट्रक आणि ट्रॅक्टर या रस्त्यांवर दिसू लागतात. मुकादमाची उचल घेतलेली नवरा-बायकोची जोडी, म्हणजे एक कोयता, आणि त्यांच्याबरोबर निघालेली लेकरं. ट्रॉलीवर ज्वारीची पोती, भांडी, सरपण, कोपीसाठी ताडपत्री, एखादी शेळी, आणि त्या सगळ्याच्या वर गोधडीत गुंडाळलेलं बाळ. पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात कारखान्यावर पोहोचेपर्यंत हा प्रवास रात्रभर चालतो. मार्च-एप्रिलमध्ये परत येताना थंडीऐवजी ऊन असतं, एवढाच फरक.

वर जे जे सांगितलं ते सगळं या बाळालाही लागू आहे. त्यालाही तासाभराने मोकळं सोडायला हवं, त्यालाही साबणाने धुतलेला हात आणि वाफाळतं अन्न हवं, त्याच्या आईलाही पाणी प्यायला आणि आडोशाला जायला जागा हवी. विमानाने जाणाऱ्या मुलाच्या प्रवासात सोय नसलेले तास थोडे असतात. या मुलाच्या प्रवासात सोय असलेला एकही तास नसतो. आणि पोहोचल्यावर मुक्कामही उघड्यावरच्या कोपीत असतो.

या प्रवासात लसीही सुटतात. गोवर-रुबेलाची पहिली लस नवव्या महिन्यात आणि दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान द्यायची असते. नेमकं त्या वेळी कुटुंब कारखान्यावर असलं तर डोस राहून जातो. गोवर हवेतून पसरतो. रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत विषाणू हवेत राहू शकतो. २०२२ मध्ये मुंबईत गोवरची साथ आली तेव्हा लस न मिळालेली मुलंच प्रामुख्याने त्यात सापडली. आता केंद्राच्या 'यू-विन' नोंदणीमुळे एका गावात नोंद झालेल्या बाळाला दुसऱ्या गावात लस घेता येते. पण त्यासाठी कुणीतरी आईला निघण्याआधी ते सांगायला हवं, माता-बाल संरक्षण कार्ड पिशवीत घालायला लावायला हवं.

निघण्याचे दिवस ठरलेले असतात, रस्ते ठरलेले असतात, थांबे ठरलेले असतात. हजारो लेकरं वर्षातून दोनदा एकाच चौकातून जाणार हे आधीपासून माहीत असणं, ही सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने फार मोठी संधी आहे. यात्रेच्या वाटेवर आपण पाण्याचे टँकर आणि आरोग्य पथकं उभी करतोच. ऊसतोडीच्या वाटेवर तसं पथक त्या पंधरा दिवसांत उभं राहिलं, तर तिथेच राहिलेली लस देता येईल, बाळाचं वजन घेता येईल, ओआरएसची पाकिटं हातात देता येतील, गरोदर बाईचा रक्तदाब बघता येईल.

खर्च कुणी करायचा?

यावर नेहमीचा आक्षेप असा की लाऊंज चालतं, कारण त्याचे पैसे कुणीतरी भरतं. चौकात खोली बांधली तर ती सांभाळणार कोण? आक्षेप खोटा नाही. सरकारने बांधलेल्या आणि महिनाभरात बंद पडलेल्या संडासांची उदाहरणं कुठल्याही तालुक्यात सापडतील. बांधणं सोपं असतं, रोज धुणं अवघड असतं.

पण चौकातून जाणारी माणसं फुकट जात नाहीत. पाडळशिंगीच्या नाक्यावर टोल भरूनच गाड्या पुढे येतात. एसटीच्या तिकिटाचे पैसे प्रवासी भरतो. साखर कारखान्याच्या गाळपात ऊसतोड करणाऱ्याचा घाम असतो. ढाब्यांचा धंदा थांबणाऱ्यांवरच चालतो. पैसे भरले जातात, त्यातला वाटा फक्त लेकराच्या खोलीपर्यंत पोहोचत नाही.

विमानतळावर चहा फार महाग आहे, अशी ओरड झाली. ती संसदेपर्यंत गेली आणि डिसेंबर २०२४ मध्ये कोलकात्याच्या विमानतळावर दहा रुपयांत चहा देणारं उपाहारगृह सरकारने सुरू केलं. चांगलंच झालं. विमानाने जाणाऱ्यांचा आवाज ऐकू जातो, हे त्यातून दिसलं. फाट्यावर थांबलेल्या बाईसाठी तितकाच आवाज चढवणं हे तिच्याच गावातून, जिल्ह्यातून विमान गाठणाऱ्यांचं काम आहे.

मागणी मोठी नाही. मांजरसुंब्यासारख्या प्रत्येक मोठ्या चौकात एक खोली असावी. तिला आतून कडी असावी, पंखा असावा, बाळाला आडवं करायला ओटा असावा. बाहेर नळ आणि साबण, शेजारी बायकांचा स्वच्छ संडास, पिण्याचं पाणी. किल्ली कुठल्याही कार्यालयात न ठेवता ती गावातल्या महिला बचत गटाकडे द्यावी आणि साफसफाईचे पैसे त्यांना दरमहा वेळेवर मिळावेत. महामार्ग प्राधिकरण, एसटी आणि ग्रामपंचायत यांनी ही जबाबदारी आपसांत लेखी ठरवून घ्यावी, म्हणजे एकमेकांकडे बोट दाखवता येणार नाही. दारावर तक्रारीचा नंबर असावा.

ढाबेवाल्यांनाही यात करण्यासारखं आहे. गिऱ्हाईक असो वा नसो, लेकरू घेतलेल्या बाईला संडास आणि पाणी वापरू द्यायचं, एवढं जरी ठरवलं तरी पुष्कळ होईल. कोपऱ्यातलं एक टेबल पडदा लावून पाजणाऱ्या आईसाठी राखायला खर्च येत नाही. जिथे लेकरांची सोय असते तिथे कुटुंबं पुन्हा थांबतात, हे धंद्याचंही गणित आहे.

विमानाने जाणाऱ्या वाचकांना एवढंच सांगायचं आहे की बाळ लहान असेल आणि थांबा मोठा असेल तर लाऊंज खुशाल वापरा. तिथे बाळ शांत झोपलं तर ते महागड्या सोफ्यामुळे झोपलेलं नसतं. पोट भरलेलं असतं, अंग कोरडं असतं, आवाज कमी असतो आणि आईच्या चेहऱ्यावर घाई नसते, म्हणून ते झोपतं. यातली एकही गोष्ट अशी नाही की जी मांजरसुंब्याच्या चौकात देता येणार नाही. ऊसतोडीचा पुढचा हंगाम सुरू होण्याआधी निदान एका चौकात ती देऊन पाहायला काय हरकत आहे?